गाजलेला खटला आणि आपलं दिसणं-बोलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात २० वर्षं मी पेपरसाठी कोर्टाची बीट केली, म्हणजे तिथल्या बातम्या दिल्या. आधी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत, नंतर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. पेपर सोडून आता बरीच वर्षं झाली, पण फोन काही थांबत नाहीत. घरातला कुणीतरी गाजलेल्या प्रकरणात अडकलेला असतो, आरोपी म्हणून, फिर्यादी म्हणून, कधी नुसता साक्षीदार म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोरून आत जायचं असतं. तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून ठेवले. मी वकील नाही. इथलं काही तुमच्या वकिलांच्या सांगण्याच्या आड येत असेल तर त्यांचं ऐका.

१. कोर्टात जाताना नेमके कपडे कुठले घालायचे? काही नियम आहे का?

पक्षकाराला, आरोपीला किंवा साक्षीदाराला कायद्यानं गणवेश ठरवून दिलेला नाही. काळा कोट आणि पांढरा बँड हा वकिलांचा. तुम्ही सोसायटीत कर्ज मागायला जाताना जे घालता ते घाला. धुतलेलं, इस्त्रीचं, अंगाला बसणारं. लग्नातलं नको आणि शेतावरचंही नको. जाड चेन, कडं, बोटाबोटात अंगठ्या, डोक्यावर चढवलेला गॉगल, छातीवर मजकूर छापलेला टी-शर्ट हे घरी ठेवा. पांढरा शर्ट आणि काळी पँट घातली तर फार तर कुणीतरी येऊन "साहेब, नोटरी कुठं बसतात?" असं विचारेल, दुसरं काही होणार नाही.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक तारखेला साधारण एकाच धाटणीचे कपडे घाला. फोटोग्राफरला रोज नवं काहीतरी लागतं. तुम्ही दर वेळी तसेच दिसलात की तो कंटाळतो आणि पेपर जुनाच फोटो लावतो. मी स्वतः असा कंटाळलोय.

२. आमच्या घरात सगळे सरकारी नोकर. साहेबांच्या कपड्यांवरून कोर्ट झापतं म्हणे?

झापलंय. पण ३ जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी अधिकाऱ्यांच्या हजेरीबद्दल कार्यपद्धती घालून दिली. अधिकाऱ्याच्या पेहरावावर, शिक्षणावर, सामाजिक स्थानावर शेरे मारणं टाळावं असं त्यात आहे. जिथं कार्यालयाचा ठरलेला गणवेश आहे तिथला भाग वेगळा. तरीही नीटनेटकं जा, त्यात वाद नाही.

३. फेटा, गांधी टोपी, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, हे काढायचं का?

रोज वापरत असाल तर अजिबात काढू नका. म्हातारा माणूस ५० वर्षं टोपी घालतोय आणि तारखेला बोडक्या डोक्यानं आला तर तो स्वतःच अवघडतो, सारखा हात डोक्याकडं जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतोय. पण गुन्हा दाखल झाल्यावर अचानक आलेली माळ, गंध, वाढवलेली दाढी लगेच कळते. आपल्याकडं पेठेपेठेत माणूस माणसाला ओळखतो. "याला माळकरी कधी बघितला नव्हता" हे वाक्य तुमच्याआधी चहाच्या गाड्यावर पोचतं.

गळ्यातला पक्षाचा किंवा मंडळाचा उपरणं-शेला मात्र गाडीतच ठेवा. खटला तुमच्यावर आहे, मंडळावर नाही.

४. आमचे आजोबा पायताणाशिवाय दुसरं काही घालत नाहीत. चालेल?

कोल्हापुरी चप्पल चालते, न चालायला काय झालं? २०१९ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. अडचण एकच, करकर.

एकदा एका खुनाच्या खटल्यात उलटतपास अगदी रंगात आला होता. साक्षीदार उत्तर देण्याआधी थांबला होता, टायपिस्टची बोटं कळफलकावर टेकलेली, आणि मागच्या दारातून आरोपीचे वडील आत आले. कर्र, कर्र, कर्र. नवं करकरीत पायताण, तेल पाजलेलं. दारापासून बाकापर्यंत १०-१२ पावलं असतील. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं, साक्षीदारानं बघितलं, आम्ही पत्रकारांनी तर बघितलंच. म्हातारा मध्येच थांबला, पायताण हातात घेतलं आणि अनवाणी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चौकट होती, तीही त्या म्हाताऱ्याच्या "तोऱ्या"वर. बिचाऱ्याच्या मनात तोरा कुठला? न वाजणारी जुनी जोडी घालून पाठवा.

५. चांगल्या दिसण्यानं सहानुभूती मिळते ना? नानावटींचं उदाहरण सगळे देतात.

सगळे अर्धंच देतात. नौदलातले कमांडर नानावटी २७ एप्रिल १९५९ ला बायकोच्या प्रियकरावर केलेल्या गोळीबारानंतर खटल्याला पांढऱ्याशुभ्र वर्दीत, पदकं लावून येत. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं त्यांची बाजू लावून धरली होती, रस्त्यावर लोक त्यांच्या बाजूनं होते. ९ जणांच्या ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पुढं काय झालं? सत्र न्यायाधीशांना ज्युरीचा कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडं पाठवलं. उच्च न्यायालयानं दोषी धरून जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. सुटका झाली ती १९६४ मध्ये राज्यपालांनी दिलेल्या माफीनं, वर्दीमुळं कोर्टात नाही. शिवाय आता ज्युरीच नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. तुमच्यासमोर बसलेला माणूस शिकलेला न्यायाधीश आहे. निकालात त्याला कारणं लिहावी लागतात, आणि "आरोपी सज्जन दिसतो" हे कारण अपिलात एक दिवस टिकणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दिसण्यानं खटला जिंकता येत नाही. दिसण्यानं आणि बोलण्यानं समोरच्या वकिलाच्या हातात कागद मात्र जातो. तो जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. खालची बहुतेक उत्तरं याचीच आहेत.

६. मग न्यायाधीश चेहऱ्याकडं बघतच नाहीत का?

साक्षीदाराच्या बघतात. साक्ष देताना त्याची वागणूक कशी होती यावर शेरा नोंदवण्याची सोय कायद्यातच आहे. त्यामुळं पिंजऱ्यात उभं राहिल्यावर उत्तर न्यायाधीशांकडं बघून द्या, हळू द्या, टायपिंग होऊ द्या. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हणा. घाम आला तर पुसा. घाबरणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

नातेवाइकांनी मात्र जपावं. साक्षीदार बोलत असताना मागं बसलेली मावशी होकारार्थी मान हलवते, मामा डोळे वटारतो. समोरचे वकील लगेच उठून हरकत घेतात, "साक्षीदाराला खुणा होताहेत" म्हणून. नंतर मावशी किती सांगत राहिली की मला मानेचा त्रास आहे, तरी ती दिवसभर बाहेर बाकड्यावर.

७. गेटवर पत्रकार असतात. काय बोलायचं?

"प्रकरण कोर्टात आहे, आमचे वकील तिथंच मांडतील." एवढं वाक्य. ते घरात आरशासमोर दहा वेळा म्हणा, कारण माईक तोंडाशी आला की माणसाला स्पष्टीकरण द्यावंसं वाटतंच. चालत राहा. धावू नका, हात कॅमेऱ्यावर मारू नका. मारलेल्या हाताचीच क्लिप दिवसभर फिरते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. पण कॅमेऱ्यासमोर तुम्ही आपखुशीनं बोललात तर ते चित्रीकरण पुढं येऊ शकतं. "मी तिथं होतो, पण..." यातला पहिला अर्धा भाग तुमच्याविरुद्ध जातो, दुसरा अर्धा संपादनात कापला जातो. हे काम मी केलंय, म्हणून सांगतो.

८. गप्प बसलं की लोक म्हणतात, याच्या मनात काळंबेरं आहे. निदान गावात तरी बोलावं की नको?

गावात बोलणं सगळ्यात धोक्याचं, कारण गावातच साक्षीदार असतात. तुम्ही पारावर "तो काय सांगतोय बघूच" म्हणालात ते सहज रागानं, पण तिकडं ते धमकी म्हणून पोचतं. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि जामीन रद्द करायला तेवढं निमित्त पुरतं. साक्षीदाराच्या घरची वरात असो, मयत असो, विचारल्याशिवाय जाऊ नका. याचं लोकांना वाईट वाटतं, मला कळतं.

९. आमचे वकील टीव्हीवर बोलायला तयार नाहीत. घाबरतात का?

नियम पाळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणं वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि स्वतः चालवत असलेल्या खटल्याच्या निमित्तानं वर्तमानपत्रात मतं पुरवणं, फोटो छापून आणणं हेही त्या मनाईत येतं. रोज बाइट देणारा वकील बघून पक्षकार खूश होतो. माझा अनुभव असा की ज्यांना मी बातमीसाठी तासतासभर गाठायचो आणि जे "ऑर्डर झाली की नक्कल बघा" म्हणून निघून जायचे, त्यांचीच तयारी पक्की असायची.

१०. पोलीस आरोपीच्या तोंडावर काळा बुरखा का घालतात? आमच्या पोराला तसं बघून आईनं अंथरूण धरलंय.

आईला सांगा, तो बुरखा पोराच्या फायद्याचाही आहे.

जिथं साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत नाही तिथं ओळख परेड होते. साधारण त्याच वयाचे, बांध्याचे निदान ६ डमी उभे करतात, त्यांच्यात आरोपी, आणि साक्षीदारानं बोट दाखवायचं. या सगळ्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा साक्षीदारानं त्या आधी आरोपीचा चेहरा पोलीस ठाण्यात, व्हॅनमध्ये किंवा पेपरात बघितलेला नसतो. बघितलेला असेल तर ओळख घटनेच्या आठवणीतून आली की फोटोतून, हे कुणी सांगायचं?

इथं माझीच चूक सांगतो. एका दरोड्याच्या प्रकरणात आरोपीला व्हॅनमधून उतरवताना तोंडावरचा रुमाल सरकला. दोन सेकंद. आमच्या फोटोग्राफरनं टिपला, मी ओळ लिहिली, पहिल्या पानावर चार कॉलम लागला. ऑफिसात पाठ थोपटली गेली. दीड वर्षानं उलटतपासात बचावाच्या वकिलांनी साक्षीदाराला विचारलं, "घरी पेपर येतो?" "येतो." "अमुक तारखेचा बघितला होता?" "बघितला होता." वकिलांनी आमचा अंक उलगडला, फोटो वर करून, आणि तिथंच ओळख परेडची हवा गेली. फिर्यादी बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, तेव्हा मी वहीत तोंड खुपसलं.

मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांनी तपास चालू असताना काय टाळावं याची यादी दिली आहे. ओळख पटेल असे आरोपीचे फोटो छापणं, साक्षीदार आणि नातेवाइकांच्या मुलाखती घेणं, पोलिसांपुढची कथित कबुली छापणं हे त्यात आहे. मला ती यादी उशिरा मिळाली.

आता तुमच्या कामाचं : चेहरा न झाकता फिरवलं असेल, फोटो छापून आला असेल, तर वकिलांमार्फत ते पहिल्याच हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कानावर घाला आणि तो अंक जपून ठेवा. तसंच, परेड व्हायची असेल तर घरच्यांनी पोराचे फोटो "हा आमचा निष्पाप मुलगा" म्हणून पसरवू नयेत. (१४ बघा.)

११. बेड्या घालून नेलं तर लोकांच्या नजरेत माणूस संपतोच. हे चालतं का?

सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं की बेड्या हा नेहमीचा रिवाज असू शकत नाही, तसं कारण असावं लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) नं मात्र काही गुन्ह्यांत पोलिसांना ती मुभा दिली. खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, अॅसिड हल्ला, सराईत किंवा कोठडीतून पळालेला आरोपी, असे. प्रकरण यात बसत नसेल तर वकील अर्ज करू शकतात.

१२. भाऊ कळंबा जेलमध्ये आहे. तारखेला त्याला जेलचे कपडे घालून आणणार का?

नाही. खटला चालू असलेला कच्चा कैदी स्वतःचे कपडे वापरू शकतो, ही सोय १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून आहे. धुतलेला जोड भेटीच्या वेळी जमा करा. कुठल्या वस्तू घेतात ते कारागृहाच्या गेटवर विचारा. नवा कोरा, टॅग लटकणारा शर्ट देऊ नका, त्या घड्या कॅमेऱ्यात दिसतात आणि माणूस उगाच सजवलेला वाटतो.

१३. हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सवर आहे. घरातून केली तर?

कोर्टात बसल्यासारखं बसा. मागं भिंत, दार लावलेलं, कुकरची शिट्टी नको. चालत्या गाडीतून नको. आणि परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण किंवा स्क्रीनशॉट अजिबात नाही. पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलेला एक स्क्रीनशॉट तुम्हालाच हेलपाटे घालायला लावेल. कोर्टाच्या आवारात मोबाईलनं चित्रीकरण करण्याबाबतही तेच.

१४. स्टेटस ठेवला तर काय बिघडतं? आमच्या पोरांनी "सत्य परेशान होतं, पराजित नाही" एवढंच टाकलंय.

तेवढंच राहत नाही. पहिल्या दिवशी सुविचार, दुसऱ्या दिवशी वाघाचा फोटो, तिसऱ्या दिवशी "विषय हार्ड, टप्प्यात आला की कार्यक्रम". हा शेवटचा स्क्रीनशॉट समोरच्यांच्या वकिलांच्या फाइलला लागतो आणि जामिनाच्या सुनावणीला "साक्षीदारांवर दबाव" या मथळ्याखाली बाहेर निघतो. इन्स्टावरच्या रीलला मागं लावलेलं खुन्नसचं गाणंसुद्धा वाचून दाखवलेलं मी ऐकलंय. सरकारी वकील ते गाणं गद्यात वाचत होते आणि कोर्टात कुणाला हसायची सोय नव्हती.

न्यायाधीशांबद्दल किंवा चालू सुनावणीबद्दल लिहिणं आणखी वाईट. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ खाली ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि जुने काढून टाकायचे का? इथं थांबा. तपास चालू असताना मोबाईलमधलं काहीही पुसणं म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेणं. नवं काही टाकू नका, जुन्याला हात लावण्याआधी वकिलांना विचारा.

१५. जामीन झालाय. पोरं फ्लेक्स लावायचं म्हणतात, जेसीबीतून फुलं उधळायची म्हणतात. किती थांबवणार?

सगळंच थांबवा. आपल्याकडं पैलवान जिंकला, सरपंच झाला, की गुलाल उधळायची पद्धत आहे, ती इथं आणू नका. जामीन म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे, खटला अजून उभाच राहायचाय. मिरवणुकीचा व्हिडिओ फिर्यादीच्या दारावरून गेला की जामीन रद्द करण्याचा अर्ज तयारच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) खाली वरचं न्यायालय सुटलेल्या माणसाला पुन्हा अटक करण्याचा हुकूम देऊ शकतं. महाराष्ट्रात असे स्वागत-सोहळे करून पुन्हा गुन्हे अंगावर घेतलेले कमी नाहीत.

जामिनाचा आदेश स्वतः वाचा. अमुक तालुक्यात जायचं नाही, साक्षीदारांशी संपर्क नाही, माध्यमांशी बोलायचं नाही, अशी अट असू शकते. संध्याकाळी मागच्या दारानं घरी जा, आईच्या हातचं जेवा. पोरांना त्या फ्लेक्सच्या पैशातून वकिलांची बाकी फेडायला सांगा. हे मी एकदा खरंच सांगितलं, त्यावर तो पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही लईच हिशोबी."

१६. आम्ही पीडितेच्या बाजूचे आहोत. कॅन्डल मार्चच्या फलकावर तिचा फोटो लावला तर चालेल का? घरच्यांची हरकत नाही.

नाही चालणार. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नावच नाही, तर गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय असं जोडून ओळख पटत असेल तरी तेच. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ वेगळं लागतं. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पीडिता मरण पावली असली तरी नाव उघड करता येत नाही. घरच्यांची संमती पुरेशी नाही, गरज असेल तर सत्र न्यायालयानं ठरवायचं.

अशा खटल्यांची सुनावणीही बंद दाराआड होते, आणि तिथलं कामकाज परवानगीशिवाय छापणं कलम ७३ खाली येतं. फलकावर मागणी लिहा, चेहरा नको. श्रद्धांजलीच्या भावनेनं चौकात फोटो लावणाऱ्या भल्या माणसांवर गुन्हा दाखल करायची वेळ पोलिसांवर येते.

१७. बायकांनी साडीच नेसावी का? वहिनीला जीन्स घातली म्हणून नातेवाइकांनी ऐकवलं.

ज्यात ती दिवसभर बाकावर न अवघडता बसू शकते ते तिनं घालावं. लैंगिक गुन्ह्यात पीडितेचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नावर गैरलागू आहेत, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये लिहिलेलं आहे. बाईच्या कपड्यांवरून निष्कर्ष काढू नयेत हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ च्या पुस्तिकेत न्यायाधीशांनाच सांगितलंय. कोर्ट बदलतंय, पाहुणे नाहीत. खरं दडपण गेटवरच्या कॅमेऱ्याचं आणि गावाकडच्या आत्याचं असतं. वहिनी साडीत सरावलेली नसेल तर त्या दिवशी निऱ्या सांभाळत जिने चढण्याचा ताण तरी नको.

१८. सरपंचांचा चांगल्या वागणुकीचा दाखला, रक्तदान शिबिराचे फोटो, हे फाइलला लावू का?

वकिलांना विचारल्याशिवाय नको. फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं चांगलं चारित्र्य संबद्ध आहे (साक्ष्य अधिनियम, कलम ४७). पण पुढची मेख बघा. वाईट चारित्र्य एरवी काढता येत नाही, मात्र तुम्ही चांगलेपणाचा पुरावा दिलात की उत्तरादाखल समोरच्यांना ते काढायची वाट मोकळी होते (कलम ४९). म्हणजे रक्तदानाच्या फोटोमागून १५ वर्षांपूर्वीची तालमीतली मारामारी आलीच. शिवाय अटकेनंतरच्या तारखेचा पूरग्रस्तांना मदत करतानाचा फोटो कुणालाच पटत नाही.

१९. पोलिसांनी पत्रकार परिषदेत भावाला "मास्टरमाइंड" म्हटलं. आरोपपत्रात तसं काहीच नाही.

पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी माध्यमांना काय आणि कसं सांगावं यासाठी नियमपुस्तिका करायला केंद्र सरकारला सांगितलं, कारण अशा बोलण्यानं माणूस खटल्याआधीच दोषी ठरतो. तुम्ही उलट पत्रकार परिषद घेऊ नका. परिषदेची क्लिप आणि आरोपपत्र वकिलांपुढं शेजारी-शेजारी ठेवा. जामिनाच्या अर्जात त्यातली तफावत उपयोगी पडते.

२०. पेपरात चुकीचं छापलं तर अब्रुनुकसानीचा दावा ठोकू?

आधी संपादकाला लेखी खुलासा पाठवा, बातमीची तारीख, पान आणि नेमकं चुकीचं वाक्य लिहून. दोन ओळींचा खुलासा छापून येतो, दोन पानांचा कचऱ्यात जातो. नाही छापला तर प्रेस कौन्सिल आहे. न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ शेवटी. आणि हे लक्षात असू द्या की कोर्टात जे घडलं त्याचा बऱ्यापैकी बरोबर वृत्तांत ही बदनामी ठरत नाही. सुनावणी खुली असते, ती तुम्हाला झोंबली म्हणून बातमी खोटी होत नाही.

साक्षीदाराला व्यवसायाचं नुकसान होईल म्हणून साक्षीची बातमी थांबवता येते का, हा वाद मुंबईतून थेट सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांपुढं गेला होता, १९६६ चं मिरजकर प्रकरण. न्यायासाठी गरज असेल तर न्यायालय तसा आदेश देऊ शकतं असं ठरलं. पण नियम खुल्या न्यायालयाचाच.

२१. प्रकरण आता सर्किट बेंचला गेलंय. तिथं पण जावं लागतं का?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या या बेंचचं कामकाज इथंच, सीपीआरसमोरच्या जुन्या इमारतीत सुरू झालं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं येतात. अपिलात किंवा जामिनाच्या अर्जात वकीलच बोलतात, आदेश नसेल तर तुम्ही हजर असलंच पाहिजे असं नाही. पूर्वी मुंबईला जायचं म्हणून गर्दी आपोआप गळायची. आता अख्खी गल्ली येते. दोन माणसं पाठवा, पुरे.

२२. एखादी पीआर कंपनी नेमली तर?

मोठ्या शहरातले लोक नेमतात. तुमचं प्रकरण जिल्ह्यापुरतं असेल तर पैसे वाया. त्यांना बातमी हवी असते, तुम्हाला बातमी नको असते. नेमलीच तर तिचा प्रत्येक मजकूर छापण्याआधी वकिलांच्या नजरेखालून जाईल हे लिहून घ्या. घरातला एकच शांत डोक्याचा माणूस फोन उचलायला ठरवा, बाकीच्यांनी त्याचा नंबर द्यायचा. शक्यतो तो थोरला भाऊ नसावा, थोरले लवकर तापतात.

२३. निर्दोष सुटलो, चार वर्षं झाली. नाव टाकलं की गुगलवर अजून अटकेचीच बातमी येते. मुलीचं स्थळ मोडलं यावरून.

या प्रश्नाला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. करता येण्यासारखं एवढंच : निकालाची प्रमाणित नक्कल काढा. ज्या ज्या पेपरच्या संकेतस्थळावर अटकेची बातमी आहे त्यांच्या संपादकांना नक्कल जोडून पत्र द्या. बातमी काढा म्हणू नका, ते काढत नाहीत. त्याच बातमीच्या वर "या प्रकरणात अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झाली" अशी ओळ घाला म्हणा. बहुतेक जण घालतात. ई-कोर्ट्सवर १६ अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकानं (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख-क्रमांक) निकाल दिसतो, तो क्रमांक पाहुण्यांना सरळ द्या, म्हणजे त्यांना ऐकीव गोष्टींवर जावं लागत नाही.

अटकेची बातमी चार कॉलम आणि सुटकेची सहाव्या पानावर तळाला, हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं. माझ्या नावानं छापलेल्या अशा दोन बातम्यांवर निकालाची ओळ मी स्वतः जुन्या ऑफिसात बसून घालून घेतली. तिसरी ज्या संकेतस्थळावर होती ते बंद पडलंय. तिचा स्क्रीनशॉट मात्र परवा माझ्याच गल्लीच्या ग्रुपवर आला होता.